रिगिनांच्या एलीनचं ऐकलंत का?

अहो वहिनी, जरा इकडे या. अशा भिंतीला लागून उभ्या राहा. समोरच्या गॅलरीत त्या आहेत ना, त्यांचे हात भाजी निवडतात पण कान इकडेच असतात. ऐकलंत का दोन नंबरच्यांच्या नातीचं? सुट्टीत स्विमिंगला घातली होती ना तिला, तलावपाळीच्या बाजूला? तर आता तिला डायव्हिंग शिकायचंय! फळीवरून सूर मारायचा, मधेच कोलांटी घ्यायची आणि मग पाण्यात. आजी काय म्हणाल्या माहित्येय? पोहायला पाठवली ते ठीक, आता उड्या मारायला ती काय माकड आहे? चारचौघांत हो! पोरीचं तोंड एवढंसं झालं. सून कपडे वाळत घालायचं निमित्त करून जी आत गेली ती बाहेरच येईना. मग मलाच राहवेना. म्हटलं, आजी, तुम्ही रिगिनांच्या एलीनला विसरलात वाटतं!

अहो तीच ती, अँटवर्पची. १९२०ची. बायकांच्या स्प्रिंगबोर्डचं पहिलंवहिलं ऑलिंपिक सोनं कोणाचं? हिचंच तर. चौदा वर्षांची पोर, उंची चार फूट सात इंच आणि वजन पासष्ट पौंड. म्हणजे तीस किलोसुद्धा नाही! आपल्या गॅसच्या भरलेल्या सिलिंडरएवढंच की मेलं. आणि ही म्हणे जगज्जेती.

तिच्या घरचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. वडील अमेरिकेच्या नेव्हीत. म्हणजे बदल्याच बदल्या. जन्म न्यूपोर्टचा, १९०६चा, पण बदली झाली ती थेट फिलिपिन्सला, आणि ही पोहायला शिकली मनिलाच्या खाडीत. पुढे आली ती १९१८ची साथ. आपल्याकडे मानमोडी म्हणायचे बघा. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, एकाला पोचवून यावं तर दुसरा तयार. त्या साथीत ही पण आजारी पडली. बरी झाली आणि न्यूयॉर्कच्या त्या बायकांच्या क्लबात पोहायला जायला लागली. विमेन्स स्विमिंग असोसिएशन. शार्लट एपस्टाइनबाईंनी काढलेला तो, १९१७ साली. सगळे त्यांना 'एपी' म्हणायचे. या एपी कोर्टात स्टेनो. दिवसभर वकिलांची बडबड टिपायची आणि सुटल्यावर बायकांना पाण्यात उतरवायचं. शिकवायला हँडली म्हणून एक गृहस्थ होते, ते एक पैसा घ्यायचे नाहीत. असा माणूस आपल्या सोसायटीला मिळेल का हो? आपल्याकडे सेक्रेटरी व्हायला कोणी तयार होत नाही…

तर काय सांगत होते? हां, सूर. पोहायला जागा मिळायची, पण सूर मारायला खोल पाणी कुठाय? मग जायचं लाँग आयलंडला, समुद्राचं पाणी आत घेतलेल्या तलावावर. भरती असली की फळी पाण्याला टेकायला आलेली, ओहोटी असली की तीच फळी उंचच उंच. ठाण्याच्या खाडीवर वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. रोज नवीन उंची, रोज नवा अंदाज. मला तर वाटतं तिथेच तिचं अर्धं काम झालं. ठरलेल्या उंचीवरून कोणीही मारेल हो उडी.

आणि कपड्यांवरून काय महाभारत! अहो ते मोज्यांचं प्रकरण… इकडे सरका जरा. एलीनचीच मैत्रीण, एथेल्डा ब्लायब्ट्री. १९१९ साल, मॅनहॅटन बीच. ही पाण्यात उतरायच्या आधी बसली आणि तिनं पायातले मोजे काढले. बास, एवढंच! तर तिला पकडलं. आरोप काय, म्हणे नग्न होऊन पोहते! मोजे काढले म्हणून नग्न, ऐकताय ना? पेपरात आलं, गाव हसलं आणि ज्यांनी पकडलं त्यांचेच चेहरे पडले. त्यानंतर बायका मोजे घरी ठेवून यायला लागल्या. आणि तीच एथेल्डा पुढच्या वर्षी अँटवर्पला जाऊन पोहण्याच्या तिन्ही शर्यती जिंकून आली. बायकांच्या शर्यती होत्याच तीन. तिन्हीची तिन्ही!

पण अमेरिकेतली मोठी मंडळी मुळात बायकांना पाठवायलाच तयार नव्हती, हे विसरू नका. १९१२ला स्टॉकहोमला बायकांचं पोहणं आणि उंचावरचा सूर सुरू झाला, तेव्हा अमेरिकेची एक तरी मुलगी होती का? नाही. सुलिव्हन म्हणून एक बडं प्रस्थ होतं ना तिकडे, जेम्स सुलिव्हन. बायकांनी चारचौघांत खेळायचं हेच त्यांना पसंत नव्हतं. ते १९१४ला गेले आणि त्याच साली बायकांच्या पोहण्याला तिकडच्या संघटनेनं दार उघडलं. आता त्या दोन गोष्टींचा काही संबंध आहे असं मी कुठे म्हणतेय? मी फक्त सालं सांगितली.

स्टॉकहोमला जिंकली ती ग्रेटा जोहान्सन. स्वीडनचीच. पाचही परीक्षकांनी हिलाच पहिला नंबर दिला. पाच परीक्षक आणि एकमत, आपल्या भोंडल्याच्या रांगोळीलासुद्धा होत नाही. पुढच्याच वर्षी ही अमेरिकेला गेली, तिकडे अर्न्स्ट ब्रँडस्टेनशी लग्न केलं. तोही सूर मारणारा, तोही स्टॉकहोमला होता… आता तिथे ओळख कशी, किती, ते मला विचारू नका. दोघं मिळून स्टॅनफर्डला शिकवायला लागली. म्हणजे ज्या अमेरिकेनं आपल्या मुली पाठवल्या नाहीत, तिनं दुसऱ्यांची चॅम्पियन आयती सून करून घेतली.

बरं, एलीनकडे येते. १९२०ला टीम निवडली. सूर मारण्यात एलीन आली, हेलन वेनराइट आली. दोघी चौदाच्या. झालं! ऑलिंपिक कमिटीवाले बसले अडून. म्हणे लहान मुलांना बोटीनं परदेशी कसं न्यायचं, जबाबदारी कोणाची. मुलींनी चाचणीत नंबर काढलेत, नाव यादीत आहे आणि हे म्हणतात नेणार नाही. दोघींचे चेहरे बघायला हवे होते तेव्हा. पण एपींच्या क्लबातल्या बायका गप्प बसणाऱ्या नव्हत्या. भांड भांड भांडल्या आणि दोघींना घेऊनच गेल्या. एपी म्हणजे स्टेनोच ती. कोण काय म्हणालं ते सगळं शब्दन् शब्द लक्षात असणार!

आता ती बोट. प्रिन्सेस मटोइका. नाव प्रिन्सेस आणि अवतार हा असा! पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची ने-आण करणारी बोट. युरोपातून मेलेल्या सैनिकांच्या शवपेट्या घेऊन नुकतीच आली होती हो. त्या पेट्या उतरवल्या आणि हे खेळाडू चढले. खाली औषधाचा वास, उंदीर, आणि पुरुष मंडळींना झोपायला झोळ्या. मुलींना वरती जरा बरी जागा होती म्हणे. शेवटी खेळाडूंनी सह्या गोळा करून निषेधाचा कागदच दिला, 'मटोइकावरचं बंड' म्हणतात त्याला. आपल्या इथे कंपन्यांच्या गेटवर असं किती पाहिलं, रोड नंबर बावीसवर तर दर दिवाळीला बोनससाठी. त्यामुळे मला काही नवल वाटलं नाही. सरावाला काय, तर डेकवर कॅनव्हासची टाकी बांधलेली, तिच्यात समुद्राचं पाणी भरलेलं. कमरेला दोर बांधायचा आणि जागच्या जागी हातपाय मारायचे. तेवढ्याशा टाकीत सूर कसला मारणार? पण त्याच बोटीवर हवाईचा तो ड्यूक काहानामोकू होता, उंचपुरा, देखणा, संध्याकाळी युकुलेली वाजवायचा. पोरी खूश! मी असते तर मला तरी कुठे आठवला असता सराव.

अँटवर्पला उतरल्या आणि तलाव बघितला. तलाव कसला? गावाच्या जुन्या तटबंदीभोवतीचा खंदक! त्यालाच बाजूनं फळ्या मारून, बाकं टाकून म्हणे ऑलिंपिकचा तरणतलाव. पाणी काळं आणि थंडगार. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रायलादेवीचं तळं दिसतं ना, हात घातला तर बोटं दिसत नाहीत, तसं. पोहणाऱ्यांना काकडलेल्या अवस्थेत बाहेर काढायची वेळ यायची. आणि या पोरीला वरून डोकं खाली करून त्यात जायचं होतं. तिला भीती कसली वाटत होती, ठाऊक आहे? हरायची नाही. तळाच्या चिखलात हात रुतून बसले तर एवढ्या काळ्या पाण्यात कोणाला सापडणार मी, याची! तिनंच नंतर सांगितलं हे, म्हातारपणी. मला तेच आवडलं. नाहीतर मेडल मिळाल्यावर सगळ्यांनाच आपण आधीपासून वाघ होतो असं आठवतं.

आणि २९ ऑगस्टला ती फळीवर चढली. झालं ते तुम्हाला माहीतच आहे. पहिली एलीन रिगिन, दुसरी हेलन वेनराइट, तिसरी थेल्मा पेन. तिन्ही अमेरिकेच्या! ज्या दोघींना नेऊ नका म्हणत होते त्याच पहिली आणि दुसरी. कमिटीवाल्यांनी टाळ्या वाजवल्याच असतील, वाजवाव्याच लागतात. हात वाजतात, चेहरा वेगळंच सांगतो.

आणि एक गोष्ट सांगू? त्याच अँटवर्पला, त्याच ऑगस्टात आपली माणसं होती! हो तर. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती बघून दोराबजी टाटांनी मनावर घेतलं आणि टीम पाठवली. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले, एकोणिसावे आले. ती मॅरेथॉन पण कशी, पावणेत्रेचाळीस किलोमीटर, ऑलिंपिकमधली सगळ्यात लांब. आपले रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. एक नंबर हो, एका नंबरानं मेडल गेलं! नाहीतर खाशाबांच्या बत्तीस वर्षं आधीच कुस्तीचं पदक घरात आलं असतं. त्या टीममध्ये बाई मात्र एकही नाही. पाण्यातल्या मुली आपण पाठवल्या थेट १९५२ला, हेलसिंकीला, खाशाबांच्याच वेळी. मुंबईची डॉली नझीर आणि कलकत्त्याची आरती साहा. आरती तर बारा वर्षांचीसुद्धा पुरी नव्हती. बघा, आपल्या कमिटीनं तरी लहान म्हणून अडवलं नाही. एवढं एक त्यांच्या बाजूनं बोलते, रोज रोज शिव्या कशाला द्यायच्या.

तर काय सांगत होते… हां, पिक्चर! १९२२ला ग्रँटलंड राइस नावाच्या नामांकित पत्रकारानं एलीनची फिल्म काढली. सूर मारतानाची स्लो मोशनमध्ये आणि पाण्याखालची सुद्धा. तोपर्यंत असं कोणी दाखवलंच नव्हतं. लोकांना कळेना, हवेत ही अशी थांबते कशी? आता आपल्या हळदीच्या व्हिडिओत नवरीचे केससुद्धा स्लो मोशनमध्ये उडतात, त्याचं काही कौतुक राहिलं नाही.

मग १९२४चं पॅरिस. तिथे मात्र… स्प्रिंगबोर्डला एलीन दुसरी आली. पहिली बेटी बेकर. आता झालं असेल ना थोडं मनात? अठरा वर्षांची, आधीचं सोनं घरी, आणि गळ्यात चांदी. पण हिनं काय केलं? शंभर मीटर उलटं पोहण्याच्या शर्यतीत उतरली आणि तिथलं ब्राँझ उचललं. सूर मारण्यातही पदक आणि पोहण्यातही पदक, एकाच ऑलिंपिकमध्ये! तिच्याआधी हे कोणत्याही बाईनं केलं नव्हतं. एका हातात पोळपाट-लाटणं आणि दुसऱ्या हातात ऑफिसची फाइल असलेल्यांनाच कळेल यातलं अवघड काय ते. दोन वेगळी कामं आहेत हो ती. एकात दीड सेकंदात खेळ खल्लास, दुसऱ्यात दम टिकवायचा.

बेटी बेकरचं पण ऐकून ठेवा, ते तर फारच गोड आहे. तिचा कोच क्लॅरेन्स पिंकस्टन. हा स्वतः अँटवर्पला उंचावरच्या सुरात सोनं घेऊन आलेला. कोच आणि चॅम्पियन… पुढचं सांगायला हवं का? लग्न झालं, जुळी झाली, बाईंनी खेळ सोडला. सगळे म्हणाले संपलं. आणि १९२८ला बाई पुन्हा हजर! ॲमस्टरडॅमला, या वेळी उंचावरून, आणि पुन्हा सोनं. जुळ्यांच्या वाढदिवसाची भेट म्हणे ती. आमच्याकडे बाळंतपणानंतर दोन वर्षं जिना चढले तरी सासूबाई 'हळू' म्हणायच्या. प्रेमानंच म्हणायच्या हो, तसं नाही…

एलीननं तोवर वेगळाच मार्ग धरला होता. १९२६ला प्रोफेशनल झाली. म्हणजे ऑलिंपिक बंद! त्या काळचे नियमच तसे, खेळून एक पैसा घेतलात की तुम्ही बाटलात. मग न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोममध्ये स्टेजवर शो, सिनेमात कामं, पुढे क्लीव्हलंडला बिली रोजचा ॲक्वाकेड, तो पाण्यातला भलामोठा तमाशा. पेपरात खेळांवर लिहायची सुद्धा. लोक काय, नाकं मुरडणारे मुरडतातच. पण मी म्हणते, का घेऊ नयेत पैसे? ज्यांना बापाच्या पैशावर खेळायला मिळतं त्यांनी बसावं तत्त्वं सांगत. आमच्या ह्यांनी कंपनीच्या कबड्डी टीममधून नोकरी मिळवली, म्हणून तर किसननगरातली खोली झाली.

सगळ्यात लहान चॅम्पियन हा तिचा मान मात्र गेला बरं का. १९३६ला बर्लिनला मार्जोरी गेस्ट्रिंग आली, तेरा वर्षांची. त्याच स्प्रिंगबोर्डवर. एलीन आपली बघत बसली नाही. १९५७ला हवाईत राहायला गेली, लाटांच्या शेजारी, आणि म्हातारपणी पुन्हा शर्यतीत उतरली. १९९१ला वय पंच्याऐंशी आणि बाईंच्या नावावर त्या वयोगटातले वर्ल्ड रेकॉर्ड! आजींना मी हेच सांगितलं. म्हटलं, तुमच्याहून नऊ वर्षांनी मोठी होती ती तेव्हा. आजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सून एकदम दारात! शहाण्णव वर्षांची होऊन गेली एलीन, २००२ साली, होनोलुलूत.

थांबा, जाऊ नका, हेलनचं राहिलंच की! कुकरच्या दोनच शिट्ट्या झाल्यात तुमच्या, मी मोजतेय. ती दुसरी आलेली हेलन वेनराइट. तीही कमी नव्हती. १९२४ला पोहण्यात चारशे मीटरला तिनंही चांदी मिळवली. १९२५ला एपींच्या क्लबानं ठरवलं, बाई इंग्लिश खाडी पोहून जायला हवी. धरमतर ते गेटवे आपली शाळकरी मुलं जातात, त्याचं आपल्याला आता फार वाटत नाही. पण तेव्हा एकही बाई ती खाडी पोहून गेली नव्हती. नाव पुढे आलं हेलनचं, बरोबर गर्ट्रूड एडर्ली. आणि ऐन वेळी हेलनचा पाय दुखावला! गर्ट्रूड एकटी गेली. त्या वर्षी जमलं नाही, पण १९२६च्या ऑगस्टात गेलीच पार, साडेचौदा तासांत. तिच्याआधी पाच पुरुष गेले होते, त्या पाचांपेक्षाही लवकर! न्यूयॉर्कमध्ये परतल्यावर जी मिरवणूक निघाली, विचारू नका. आपली आरती साहा १९५९ला तीच खाडी पोहून गेली ना, आशियातली पहिली बाई, त्याची सुरुवात ही अशी.

आणि आता खरी गंमत. गर्ट्रूडनं मग गावोगाव शो काढला, स्टेजवर पाण्याची टाकी घेऊन. टाकीत सोबतीला कोण? एलीन आणि हेलन! एलीनचं ठीक आहे, तिचं सोनं तिच्याकडे. पण हेलन? तिचा पाय दुखावला नसता तर तिकिटावर नाव कोणाचं असतं? आणि आता त्याच टाकीत, त्याच शोमध्ये, गावोगाव, हसतमुखानं सूर मारायचे. लोक टाळ्या वाजवतायत गर्ट्रूडसाठी. मी तर पहिल्याच गावात आजारी पडले असते हो. ती मात्र पडली नाही. काय बोलत असतील तिघी, कपडे बदलताना?